वाटीचे तोळे

जळगाव, ता. ६ एप्रिल १९३८

ती. सौ. प्रमिलावहिनीस,
वच्छलाचा सा. न. वि. वि. आम्ही सारे सुखरूप.

यंदा मसाला मी एकटीनं केला नि फजिती झाली. आईनं सांगितलं होतं, मिरी, लवंग, दगडफूल एकेक वाटी. आमच्याकडे वाण्याकडून सगळं तोलून येतं, म्हणून मी तिन्ही सारख्या वजनाची आणवली. दगडफुलाचा हा ढीग आला, नि मसाला कडू झाला. सासूबाई भाजी ताटात तशीच ठेवून उठल्या.

आईच्या वाटीत काय किती तोळे भरतं, तेवढं कळवा. तिला मात्र सांगू नका. लेकीला मसाला जमत नाही, हे तिला लागेल.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची वच्छला

धुळे, ता. १३ एप्रिल

चि. सौ. वच्छलाताईस,
प्रमिलाचे अनेक आशीर्वाद.

आई देवळात गेल्या तेव्हा त्यांच्या वाटीनं जिन्नस मोजले, पदराआड तोताराम वाण्याकडे नेले नि तोलून आणले. मिरी नऊ तोळे, लवंग सात, आणि दगडफूल शीग लावूनही सव्वा तोळा.

आता घडलं ते लिहिते. घाईत लवंगांची पुडी दुकानातच राहिली. संध्याकाळी आईंनी बरणी उघडली तर लवंगा निम्म्या. त्या दिवशी मसाला कांडणारी धुरपदाबाई घरात होती. आईंनी चोरी हा शब्द काढला नाही. शेजारणींसमोर एवढंच म्हणाल्या, उद्यापासून येऊ नको. मी चाळणी धरून तिथंच उभी होते, पण तोंड उघडलं नाही. धुरपदाबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं नि निघून गेली.

पुडी मी दुसऱ्या दिवशी आणली, ती तांदळाच्या डब्यात लपवली आहे. बोलावं तर तुमचं नाव येतं. काय करू?

रागवा, पण लोभ तोडू नका.
प्रमिला

जळगाव, ता. १७ एप्रिल

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

माझ्या भाजीपायी एका बाईची अब्रू गेली. गुपचूप करा असं मीच लिहिलं. आईला आजच सांगा, नि माझं नाव आधी घ्या.

तुमच्या लोभाची भुकेली,
वच्छला

धुळे, ता. २४ एप्रिल

चि. सौ. वच्छलाताईस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तशी पुडी आईंपुढं ठेवली नि तुमचं नाव आधी घेऊन सगळं सांगितलं. लेकीनं मलाच का नाही विचारलं, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्याच शेजारणींना घेऊन आम्ही धुरपदाबाईच्या घरी गेलो. चूक आमच्या घरची, असं आईंनी सगळ्यांसमोर सांगितलं.

मला वाटलं होतं, ती मला बोलेल. तिनं आम्हाला पाणी दिलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, माले बठ्ठं माहीत व्हतं. सगळंच तिला ठाऊक होतं; पदराआड पुड्या नेताना तिनं मला पाहिलं होतं. सासूपुढं सुनेचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती गप्प बसली. मी स्वतः बोलेन, अशी तिनं वाट पाहिली.

कामावर यायला मात्र ती नको म्हणाली. आईंनी पुन्हा विचारलं, तरी नाहीच.

मसाला आता मी कांडते. काल ती दारावरून चालली होती. मी हाक मारली. तिनं खुशाली विचारली नि पुढं गेली.

लोभ आहे तसा ठेवा. मी त्याला पात्र आहे का, ते पाहू नका.
प्रमिला