सहाच्या आधीचं वजा

बाई, आज स्पष्टच लिहिते, नाहीतर राहूनच जाईल.

तुम्ही आमच्या शाळेत तात्पुरत्या होतात. नवरा गेलेला, पदरात लहान मुलगी. शाळा तपासणारे दिपोटी साहेब येणार, तुमचा बीजगणिताचा तास बघणार आणि मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरणार, हे वर्गातल्या सगळ्या पोरींना माहीत होतं. म्हणून आठवडाभर तुम्ही एकच उदाहरण घोटून घेतलंत. क्षचा वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, अवयव पाडा. गुणाकार सहा, बेरीज पाच. म्हणजे दोन आणि तीन. फळ्यावर जायचं मी. मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, "बाई, पाठ कशाला करायचं? दुसरं घाला की, मला येतंय." तुम्ही हातावर पट्टी मारलीत. "फार शहाणी झालीस! सांगितलंय तेवढंच लिहायचं." पोरी हसल्या. हात फारसा दुखला नाही, पण अपमान असा झोंबला म्हणून सांगू!

तपासणीच्या दिवशी दिपोटी मागच्या बाकावर बसलेत. मी उदाहरण मांडते आणि ते तिथूनच म्हणतात, "थांब. त्या सहाच्या आधी वजा कर बघू." तुमच्या कपाळावर घाम, डोळे माझ्यावर. मला उत्तर दिसतंय. अधिक सहा आणि उणे एक. गुणाकार उणे सहा, बेरीज पाच. जमलं की! पण ती पट्टी आठवते. सांगितलंय तेवढंच ना? घ्या मग. मी दोन आणि तीनच लिहिते, चांगलं ठळक, कंसासकट. दिपोटी हसले. "पोपट छान पढवलेत, बाई." तुम्ही मान खाली घातलीत. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं.

तुम्हाला कायम केलं नाही. चंदगडकडं कुठल्याशा शाळेत जागा मिळाली म्हणून निघालात. मी एस.टी. स्टँडवर आले ती कबूल करायलाच. तुमची मुलगी ट्रंकेवर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच माझा हात धरलात. "तुझी चूक न्हाय गं. मी पाठ करून घेतलं, शिकवलं न्हाय. माझंच चुकलं." आणि मी तुमची ट्रंक गाडीत चढवून दिली. गाडी सुटली तरी कबूल केलंच नाही!

परवा तुमच्या मुलीचं पत्र आलं. कुठून तरी माझा पत्ता मिळवलाय तिनं. लिहिते, "आई शेवटपर्यंत तुमची आठवण काढायची, त्या एका पोरीला शिकवायला मी कमी पडले म्हणायची." उभा जन्म मी पोरींना बीजगणित शिकवलं, तेही तुमच्याच गुणाकार-बेरजेच्या पद्धतीनं, आणि तुम्ही हे मनात घेऊन गेलात.

हे पत्र तिला तरी पाठवायला हवं. पण तिनं खाली विचारलंय, "मावशी, तुम्हाला भेटायला येऊ का?" तिनं यावं, माझ्याजवळ बसावं आणि मला चांगलं म्हणावं, असं मला फार वाटतं, बाई. म्हणून पाठवत नाही.