वहिनींनी बांधलेला मासा

तीर्थस्वरूप वहिनी,

धाकट्या दिराचा, म्हणजे दोक-चिलचा, वाकून नमस्कार. वोन्जूची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवतेय ना? इथे घाटात अजून बर्फ आहे, सकाळी विहिरीवर जाताना कुऱ्हाड न्यावी लागते. (मी न्यायला विसरतो आणि दगडाने फोडत बसतो, हे तुम्हाला न सांगताही कळलं असेल.) उन-शिलला आशीर्वाद. लग्न शनिवारवर आलं, पोरगी नीट जेवते का? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त नऊ दिवसांपासून पोटात कसंसंच होतं, पण ते पुढे येईलच.

पत्राचं कारण ट्रक. तुम्ही फोनवर म्हणालात, "भावोजी, बुधवारपर्यंत सुरू झाला नाही तर भंगारात देऊन टाका, कपाटासाठी आपण भाड्याची गाडी करू." तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ते म्हणायची माझी कधी छाती झालेली नाही. पण दादाने शेवटच्या दिवशी माझा हात धरून काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत. पोरीचं शिंपल्यांच्या नक्षीचं कपाट माझ्याच ट्रकमधून सासरी जाईल, असं म्हणाला आणि मी हो म्हटलं. दादाला हो म्हणून मी न केलेल्या कामांची यादी लांबलचक आहे. निदान हे एक तरी माझ्या हातून व्हावं असं फार वाटतं, वहिनी. आज बुधवार आहे. म्हणून काय काय झालं ते सगळं कळवतो, वाचताना चहा जवळ ठेवा.

ह्वांग काकांच्या साठीला मला जरा जास्त झाली. (सगळ्यांनाच झाली. काका स्वतः तर वाळवणीच्या मांडवाखाली, वर टांगलेल्या माशांना भाषण देत होते.) दुसऱ्या दिवशी बंदरावरून मासे आणायचे म्हणून मी सेल्फ मारला, तर इंजिन घुर्रघुर्र फिरलं, पण पकडेना. तीनदा मारला, चारदा मारला. पाचव्यांदा आतून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. दादा रागवायच्या आधी असाच खाकरायचा, ते तुम्हाला माहीत आहे. मी आपोआप सीटवरून उठून उभा राहिलो आणि डोकं टपाला आपटलं.

मग प्यो मिस्त्रीला बोलावलं. त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, इंजिनाशी गोड बोलतो आणि माणसांवर खेकसतो. त्याने बॅटरी चार्ज केली, हीटर प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि शेवटी म्हणाला, डिझेलच्या लाइनमध्ये एअर धरलीय, बाकी काही नाही. नट सैल करून हातपंप मारत बसलो. फेसाळ डिझेल आलं, मग बुडबुडे कमी झाले, मग स्वच्छ धार लागली. नट आवळला. इंजिन पकडणार इतक्यात प्योला जेवायची आठवण झाली आणि उद्या बघू म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी नट सैल केला तर पुन्हा बुडबुडे. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. लाइन कुठे गळत नव्हती, जोड सगळे कोरडे. प्यो नळीला कान लावून बसला आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "दोक-चिल, यात कुणीतरी श्वास सोडतंय रे." प्यो हळू बोलला, वहिनी. तो गेल्या वीस वर्षांत हळू बोललेला मी ऐकला नव्हता.

आणि काच. दोन्ही दारं कुलूपबंद, किल्ली प्योच्या खिशात, बाहेर उणे बारा. तरी रोज सकाळी पुढची काच आतून धुरकटलेली असायची, जणू आत कुणी गरम वाटी घेऊन बसलं होतं. दार उघडलं की तिळाच्या तेलाचा वास. मुळा, अंडं, तिळाचं तेल. मी प्योला म्हटलं, तुला काही वास येतो का? तो म्हणाला, डिझेलचा. मग तो वास मला एकट्यालाच येतोय हे कळलं आणि मी दार लावून टाकलं.

शेजारच्या वाळवणीवरची कुम-सून आजी रोज येऊन बघायची. सहाव्या दिवशी तिने केबिनमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "सीटमागचा मासा कुठाय रे?" मी म्हटलं, धुवायला काढलाय. "सुका मासा धुतोस?" म्हणाली. "मेल्या, स्वतः अंघोळ करतोस का कधी?" आणि तशीच टक लावून बघत राहिली. तिच्यामागे तिच्या मांडवावर हजारो मासे आ वासून लटकत होते. वारा नव्हता. ते सगळेच्या सगळे माझ्याकडे तोंड करून होते.

आता सांगतोच. ट्रक घेतला त्या दिवशी तुम्ही डुकराचं डोकं मांडून पूजा केलीत आणि पांढऱ्या दोऱ्याच्या लडीने बांधलेला सुका मासा सीटमागे टांगलात. याचे डोळे कधी मिटत नाहीत, हा रस्ता बघेल, म्हणालात. सत्तावीस वर्षं त्याने बघितला. साठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं फुटत होतं, घरात मुळा, अंडं आणि कोबीच्या लोणच्याशिवाय काही नव्हतं, आणि दारूवर उतारा म्हणून सुक्या माशाच्या सूपासारखं दुसरं काही नाही हे दादानेच मला शिकवलेलं. मी तो मासा खाल्ला, वहिनी. दगडाने ठेचून, मुळा, अंडं आणि तिळाचं तेल घालून. आजूबाजूला लाखभर मासे वाळत असताना मी नेमका तोच खाल्ला, कारण बाकीचे लोकांचे होते आणि हा आपला होता. दोरा चुलीत टाकला. मला माझीच लाज वाटते.

काल प्योने टाकीतली नळी उपसली. तोंडाशी पांढरं काहीतरी दिसलं. त्याने चिमटीने ओढलं तर दोरा निघाला. हातभर आला, आणखी हातभर आला, थांबेचना. सात हात दोरा निघाला. प्योने तो माझ्या हातात दिला, हात पुसले, नळी बसवली, एअर काढली आणि मी जेवून येतो म्हणून किल्ली घेऊन निघून गेला. सकाळचे दहा वाजले होते.

मी केबिनमध्ये चढलो. दोरा सीटमागे जुन्या खिळ्याला अडकवला, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "दादा, मासा मी खाल्ला. चवही धड नव्हती. माझं काय करायचं ते कर, पण पोरीचं कपाट तेवढं पोचव." आणि हँडब्रेक सुटला. माझे दोन्ही हात जोडलेले होते. ट्रक उतारावरून घरंगळला, गिअरमध्येच होता, दोन हिसके बसले, एकदा खाकरला आणि सुरू झाला. मी ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुम-सून आजीचा मांडव वीतभर अंतरावर होता. प्यो म्हणतो हँडब्रेकची तार झिजलीय, आणि डिझेल इंजिनाला उतार मिळाला की किल्ली लागत नाही. असेल तसंच. तर वहिनी, भंगारवाल्याला बोलावू नका.

आपला आज्ञाधारक,
दोक-चिल

ता. क. दोरा चुलीत टाकला असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. टाकीचं झाकण माझ्याकडून हरवलं होतं, म्हणून तोंडावर चिंधी ठेवून ती त्याच दोऱ्याने बांधली. तो आत ओढला गेला असणार. पण मी बांधायला हातभरच ठेवला होता. बाकीचा खरोखर जाळला, जळताना मी पाहिला.

ता. क. पुन्हा. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, संध्याकाळी तुम्हाला मिळेल. उद्याच निघून या. येताना दोन हात लांबीचा चांगला मासा आणा. बांधायचा तुम्हीच, दोरा आहे.

ता. क. शेवटचं. इंजिन कालपासून चालूच आहे. किल्ली माझ्यासमोर टेबलावर पडलीय. प्यो म्हणतो बंद करायची तार तुटलीय, गिअरमध्ये घालून ब्रेक दाबला की थांबेल. माझं मन होत नाही, मी कॅनने डिझेल ओततोय. दादा कामाला लागला की कुणाचं ऐकायचा नाही, तुम्ही दारात येऊन "पुरे आता, आत चला" म्हणालात तरच हातातलं ठेवायचा. शनिवारी कपाट पोचेपर्यंत मी त्याला चालू ठेवतो. पोचलं की तेवढं तुम्ही म्हणा, वहिनी. मला ते म्हणवणार नाही.