दहापर्यंत हात

प्रिय ताई,

बेअरिंगं मिळाली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे उरलेलं पत्र तू जरा सावकाश वाचशील. नाहीतर तुझी पद्धत मला ठाऊक आहे. कामाची ओळ सापडेपर्यंत माझा मजकूर पाखडायचा आणि मग त्याच कागदाला ग्रीसचे हात पुसायचे. हा कागद कृपा करून पुसू नकोस. आपला ऐरावत ट्रक मिस्त्रीच्या आवारात जॅकवर उभा आहे आणि तू रोज जाऊन त्या बिचाऱ्याच्या डोक्याशी बसतेस, हेही कळलं. भंगारातलं कुठलंतरी बेअरिंग ठोकून निघायचा बेत असेल तर आताच सोड. भित्रा म्हण, चालेल; लहानपणापासून म्हणतच आली आहेस. पण गेले बारा दिवस तुझी गाडी माझ्या डोळ्यांपुढे खाणीचा उतार उतरते आहे, मागे दगड भरलेला, आणि मागचं डावं चाक तुझ्याआधी खाली पोहोचतं.

शोधाची कथा ऐक. मिस्त्रीने फडक्यात बांधून दिलेलं जुनं बेअरिंग घेऊन मी सुट्या भागांच्या गल्लीत शिरलो आणि पहिल्याच दुकानात घोडचूक केली. "लष्करातल्या जुन्या ट्रकचं आहे," असं छाती फुगवून सांगितलं. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मागे सगळी पलटणच उभी आहे, आणि किंमतही पलटणीलाच परवडेल अशी सांगितली. दुसऱ्याने निम्म्यात दिलं, चकचकीत खोक्यात. कडेचा नंबर वाचायला मी अंगठा फिरवला, तर नंबर अंगठ्यावर आला. "शाई ताजी आहे साहेब, माल जुना आणि भरवशाचा," तो म्हणाला. तुला हसू येईल. मला आलं नाही. तेच बेअरिंग मी डोळे मिटून तुला पाठवलं असतं.

तिसऱ्या दुकानात एक म्हातारा होता. गाडी कुठली, हे त्याने विचारलंच नाही. फडकं सोडलं, बेअरिंग रॉकेलने पुसलं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजली, भिंगातून नंबर वाचला. मग माझा एकंदर अवतार बघून म्हणाला, "गुरुजी, बेअरिंगला काय कळतंय, आपण फौजेत आहोत की शेतात? शेतातल्या मोठ्या ट्रेलरला हेच माप लागतं." वीस वर्षं संस्कृत शिकवूनही अद्वैताचा इतका स्वच्छ पाठ मला कधी देता आला नव्हता. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही बेअरिंगं, सीलसकट, पहिल्या दुकानाच्या चौथाईत मिळाली. कानाशी धरून फिरवून दाखवली. आवाज म्हणून नाही.

पैसे घेताना त्याची नजर पुन्हा जुन्या बेअरिंगवर गेली. रोलर निळे पडले होते, एकाचे तर पापुद्रे सुटले होते. "हे एका दिवसाचं काम नाही," तो म्हणाला. "दोन-तीन आठवडे हे चाक तव्यासारखं तापलेलं असणार. चालवणारा हात लावून बघत नाही का?" मी म्हणालो, "बघते. माझी बहीण आहे. गाडी थांबली की आधी तेच करते." तो म्हणाला, "मग तिला सांगा, जरा नीट बघत जा." ताई, त्याच्या स्टुलावर मला बसावं लागलं. त्याने पाणी दिलं. त्याला वाटलं, उन्हाने.

कारण तू नीटच बघतेस. बाबांनी लिलावातून ही गाडी आणली तेव्हा तू चौदाची होतीस आणि मी अकराचा. गाडी थांबली की हबवर, चाकाच्या मधल्या गड्ड्यावर, तळहात ठेवायचा आणि मोजायचं. दहापर्यंत हात टिकला तर चाक बरं. आधी काढावा लागला तर चाक खोलायचं. तू संथपणे दहा मोजायचीस. मी थंड चाकावरूनही तीनला हात काढायचो. तेव्हाच बाबांनी निकाल दिला, हिला गाडी आणि याला संस्कृत. माझ्या विद्वत्तेचा उगम तो एवढाच.

आता त्या दिवशीचं सांगतो, जे तेव्हा सांगायला हवं होतं. मला बसपर्यंत सोडायला तू निघालीस. उतार संपल्यावर चहासाठी थांबलीस, सवयीने त्या मागच्या डाव्या हबवर हात ठेवलास आणि माझ्या नव्या चष्म्याची टिंगल करत आरामात दहा मोजलेस. "गार आहे," म्हणालीस आणि चहा सांगायला गेलीस. मी गंमत म्हणून तिथेच हात ठेवला. मला 'दोन'सुद्धा म्हणता आलं नाही. बोटांना टरारून फोड आले. वाटलं, पंडिताचा हात, दुसरं काय! ते फोड खिशात लपवले आणि चाकातून आवाज येतोय अशी थाप मारून तुला मिस्त्रीकडे वळायला लावलं. याला आता चाकाचेही सूर कळायला लागले, म्हणत तू वाटभर हसत होतीस.

बाबा शेवटच्या दोन वर्षांत वीसपर्यंत मोजायचे, आठवतं? आपण टाळ्या वाजवायचो. मिस्त्री येईल-जाईल त्याला सांगायचा, "यांचा हात म्हणजे लोखंड!" मग बुटात खिळा घुसला आणि तीन दिवस त्यांना पत्ताच नाही. पायमोजा जखमेला चिकटलेला तू पाहिलास. आधी पाय गेला, मग सहा महिन्यांत बाबा. आपण आजही म्हणतो, खिळ्याने घात केला. ताई, खिळा तर शेवटी आला. वीस आकडे त्याच्या कितीतरी आधी आले होते, आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

म्हणून हे पत्र. त्या स्टुलावर बसल्यापासून मला सगळं उलट्या क्रमाने आठवतं आहे. तुझ्या तळहातावरचा वाटोळा डाग, "कशाने भाजलं कोण जाणे" म्हणालीस तो. पेला उचलताना तू आता पेल्याकडे बघतेस. आणि त्या उतारावर तू दोनदा खाली वाकून पाहिलंस, पाय ब्रेकवरच आहे ना म्हणून. मला वाटलं होतं, चप्पल शोधते आहेस. इथल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, आधी बाबांच्या आणि आता तुझ्या हातापायांची जाणीव कशी जाते आहे ते. वेळेवर कळलं तर पुष्कळ वाचवता येतं, म्हणाल्या; पण न बघता एक शब्द जास्त बोलायला तयार नाहीत. हात बिनभरवशाचे ठरले तर गाडी सुटेल, ही तुझी भीती मला कळते. माझी भीती तिच्याहून मोठी आहे. आयुष्यात या एका विषयात तरी मला तुझ्यापुढे राहू दे. बेअरिंगं माझ्या टेबलावर आहेत आणि पार्सलने येणार नाहीत. गुरुवारी सकाळच्या बसने तूच ये. अकराची वेळ घेतली आहे. त्या डोळे मिटायला सांगतील, टाचणी टोचतील आणि टोचलेलं कळलं का, विचारतील; नाही कळलं तर नाही म्हण. माझा हात शेजारी असेल, हवं तर आधी मला टोचू देत. फक्त बाबांसारखी शूर होऊ नकोस. एकदा, माझ्यासाठी, तीनच्या आत हात काढ.

तुझाच,
पंडित