वर्षातले दहा उत्कृष्ट सिनेमे (पैकी तीन पाहिलेले)

१ डिसेंबर
वर्षातल्या दहा उत्कृष्ट सिनेमांची यादी करायला घेतली. आमचा न्हावी कुया (म्हणजे दादा) डेल्फिन, त्याच्या दुकानात आरशाशेजारच्या खिळ्याला गेली अकरा वर्षं माझीच यादी लागते. आमचं अर्धं कुबाओ उपनगर ती वाचून सिनेमे ठरवतं. (निदान दाढी होईपर्यंत वाचतं. मान हलवता येत नाही.) धोरण जुनंच : फक्त परदेशी सिनेमे. आपल्याकडचे नुसते रडतात.
पाहिलेले : तीन. उरले सात. महिना एकतीस दिवसांचा. घाई कसली?

४ डिसेंबर
डेल्फिन म्हणाला, यंदा नानाय पुरिंगही यादी देतायत. म्हणजे माझ्या सासूबाई! वय चौऱ्याहत्तर. साठीपुढच्यांना सोमवार-मंगळवार सिनेमा फुकट, म्हणून बाई वर्षात एकसष्ट सिनेमे बघून बसल्यात. मी म्हटलं, संख्येला काय अर्थ आहे? तो म्हणाला, खिळा एकच आहे. एकतीस तारखेला दोघंही या. मी विचारीन तो सिनेमा सांगायचा. ज्याने खरंच पाहिलेत त्याची यादी लागेल.
हसलो. माझी परीक्षा!

७ डिसेंबर, रविवार
नॉर्वेचा सिनेमा. एक म्हातारा दार रंगवतो. हिरवं. मग आशयावर विचार करायला डोळे मिटले. उघडले तेव्हा झाडूवाली म्हणत होती, दादा, पाय उचला.
उत्कृष्ट. क्रमांक दोन.

१३ डिसेंबर
सिनेमा नाही. सगळ्या गावाला ख्रिसमसला नवे बूट हवेत आणि सगळ्यांना ते मीच विकायचे. जेवताना सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, त्या दाराचा शेवटी रंग कुठला हो? म्हटलं, नानाय, रंग महत्त्वाचा नसतो. त्या म्हणाल्या, कसा असेल, तो दार काढूनच टाकतो ना. मी भात वाढून घेतला. बायको, लिगाया, खिडकीबाहेर बघून हसत होती. बाहेर काहीच नव्हतं.

१८ डिसेंबर
नियोजन पूर्ण. पंचवीसपासून सुट्टी. सहा दिवस, सहा सिनेमे. तक्ता फ्रिजवर चिकटवला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि नुसतं 'बरं' म्हणाल्या. गार पडल्या!

२५ डिसेंबर, सकाळी ११
थिएटर. सगळीकडे आपलेच सिनेमे. ख्रिसमसपासून महोत्सव, देशभर पडद्यावर फक्त देशी सिनेमे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. लक्षात नव्हतं, एवढंच. तिकीटवाली म्हणाली, परदेशी? मग आता जानेवारीत या, सर.
'बरं'चा अर्थ कळला.

२७ डिसेंबर
सासूबाई म्हणाल्या, घरी बसून तक्ता बघण्यापेक्षा चला माझ्याबरोबर. महोत्सवात फुकट नसतं, तिकिटं तुम्हीच काढा. शत्रूचा अभ्यास म्हणून गेलो.
सिनेमाचं नाव 'खोकं'. आई हाँगकाँगला घरकामाला. दर ख्रिसमसला मोठं खोकं पाठवते, त्यात मुलीला बूट. दरवर्षी लहान होतात, कारण आईच्या डोक्यात पोर निघताना होती तेवढीच आहे. मुलगी टाचा दुमडून ते घालते, फोटो काढते, खाली लिहिते : अगदी बरोबर बसले.
एसी फार होता. डोळ्यांतून पाणी आलं. झोप कशी आली नाही कोण जाणे. सासूबाई रडल्या नाहीत. पण शेंगदाण्यांची पुडी शेवटपर्यंत हातात तशीच.

३१ डिसेंबर, दुपारी
परीक्षा. गळ्यात कापड, अर्ध्या गालाला फेस. आधी पाहिलेल्या तिनांतला पाणबुडीवाला सिनेमा झकास सांगितला. सासूबाई म्हणाल्या, पाणबुडी नव्हती ती, विहीर होती. नॉर्वे? दार काढून टाकतो! (हे उत्तर बाद. घरून मिळालेली माहिती.) डेल्फिन म्हणाला, अरे रोमुलो, एखादा तरी अख्खा पाहिलास का बाबा?
मी 'खोकं' सांगितला. अख्खा. 'अगदी बरोबर बसले'पाशी आलो आणि पुढे सांगताच येईना. बाकावरचे दोघं रिक्षावाले आपापल्या चपलांकडे बघायला लागले. म्हटलं, फेस डोळ्यांत गेला. डेल्फिन म्हणाला, फेस गालावर आहे.
मग सासूबाई म्हणाल्या, मीही परदेशी कामाला होते, मी धाडलेले बूटही दोन नंबर लहान जायचे. सात वर्षं. लिगाया कधी बोलली नाही, मला परवा सिनेमात कळलं.
सव्वीस वर्षं बूट विकतोय मी. ही गोष्ट घरात मला कुणी सांगितली नव्हती. (लिगाया म्हणते, दोनदा सांगितली. झोपलो असेन.)

२ जानेवारी
खिळ्याला सासूबाईंची यादी. क्रमांक एक : 'खोकं'. पुढे डेल्फिनच्या अक्षरात : याला रोमुलो पूर्ण जागा होता. त्या एका ओळीवर लोक तिकिटं काढतायत म्हणे. माझी यादीही वाया गेली नाही. डेल्फिन तिला वस्तरा पुसतो.
येताना आमच्या बुटांच्या दुकानातून लिगायाला बूट आणले. सहा नंबर. बायकोचा नंबर मला झोपेत विचारा. तिने घातले, चार पावलं चालली, म्हणाली, अगदी बरोबर बसले.
सासूबाई तिच्या टाचांकडे बघत होत्या.