कर्नल घाबरतो तेव्हा

ती. भावोजींना,

दवाखान्यातूनच वाकून नमस्कार. तुमची कंबरदुखी आणि ताईचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा आहे.

तुम्ही मोठ्या प्रेमाने माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये ती फुकटातली सिस्टीम घातलीत आणि 'अपडेट आलं की बिनधास्त होय म्हणायचं' असे बजावलेत. सोमवारी मी बिनधास्त होय म्हटले. खुर्चीत आमचा नेहमीचा पेशंट होता (कॉम्प्युटर कंपनीतला तरुण, दात इतके स्वच्छ की तपासताना मलाच संकोच वाटतो). त्याची अक्कलदाढ काढायची होती. भुलीचे इंजेक्शन देऊन एक्स-रे बघायला वळलो, तर काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक'. (लष्करातला माणूसच घाबरला तर दातांच्या डॉक्टरने काय करायचे?) बंद करून चालू केले, मागून थोपटले, धाकट्या बहिणीने काउंटरवरून येऊन वायरी हलवून पाहिल्या. कर्नलसाहेब काही सावरेनात. मुळे कुठे वळली आहेत ते त्या एक्स-रेवरच दिसणार, आणि इकडे भूल उतरणार. अंदाजाने उपटायला दाढ म्हणजे मुळ्याची जुडी नव्हे.

इतक्यात कापसाने भरलेल्या तोंडातून पेशंट म्हणाला, "हुना... हुना हर्नल."

ऊन लागत असेल म्हणून मी डोक्यावरचा दिवा बाजूला केला. तो पुन्हा तेच म्हणाला. मी पंखा वाढवला.

"दादा, ते 'जुना कर्नल' म्हणताहेत," धाकटी म्हणाली. "उठू दे त्यांना."

तो गळ्यातल्या फडक्यासकट उठला. कॉम्प्युटर चालू होताना शिफ्टचे बटण दाबून धरले, आलेल्या यादीतून अपडेटच्या आधीचा कर्नल निवडला, आणि सगळे मुकाट सुरू झाले. (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि डिस्कवर जागा नव्हती म्हणून नवा कर्नल अर्धवटच बसला होता, हे त्याने हातवारे करून सांगितले आणि धाकटीने मला समजावले.) मग स्वतःच्या वाकड्या मुळांचा एक्स-रे स्वतःच उघडून दिला आणि परत खुर्चीत आ वासून बसला. दाढ अखंड निघाली.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्राचे खरे कारण असे, की हा मुलगा धाकटीसाठी कसा वाटतो? तुमच्या ओळखीतून गुपचूप चौकशी करा. तिला इतक्यात कळायला नको.

आणखी ता. क. पत्र पोस्टात टाकायला धाकटीकडेच दिले, तिने वाचले. चौकशीची गरज नाही म्हणते. वर्षभर तो दर महिन्याला दात साफ करायला येतो, ते माझ्या हाताच्या गुणामुळे नव्हे. ती दाढही म्हणे कधी दुखत नव्हती. काढलेली दाढ मला परत बसवता येत नाही, तेव्हा आता तुम्ही दोघे लग्नाचे बोलायलाच या.