दुकानामागचा खड्डा

ता. ६ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान पकडते. पण कारण ऐकलंस तर हसशील. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात तू जो द्राव घालतेस, तो माणसाला आणि माती-पाण्याला कितपत घातक आहे हे ठरवायचं काम एका सरकारी समितीकडे आलंय, आणि त्या समितीत मी आहे. आजवर तू माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस, आता मी तुझ्या धंद्यात नाक खुपसणार.

आमच्याकडे उंदरांवरच्या प्रयोगांचे ढीग आहेत. पण एका लहान दुकानात रोज काय चालतं, हे समितीत कुणालाच धड ठाऊक नाही. परवा अध्यक्षांनी विचारलं, की कपडे पूर्ण सुकल्याशिवाय यंत्राचं दार कुणी उघडत नसेल ना? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मी म्हटलं, भावजयीला विचारून सांगते.

तर सांग. वास येतो का? हातमोजे घालतेस का? तळाला उरलेला गाळ कुठे जातो? दुकान चकचकीत करून दाखवू नकोस, आहे तसं लिही. दादाला नमस्कार. त्याला म्हणावं, मुलांना गणितात नापास करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांचा नंबर तपासून घे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नणंद,
ठकी

---

ता. १९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वन्सं, तुमची उलटतपासणी पोचली! अध्यक्षांना माझ्याकडून सांग, की संध्याकाळच्या लग्नाचा कोट दुपारी घेऊन आलेलं गिऱ्हाईक एकदा बघायला या. दार वेळेआधीच उघडावं लागतं. कपडे ओलसर निघतात, ते मी हातावर घेऊन दोरीवर टाकते. हातमोजे होते, ते फुगून चिकट झाले, टाकून दिले. वास गोडसर येतो. पहिल्या वर्षी डोकं हलकं व्हायचं, आता वास कळतच नाही. इस्त्रीवाली म्हणते, दुकानातून बाहेर पडलं की तिला पावलं मोजून टाकावी लागतात. मी तिला म्हणते, बाई, तुझी चाल आधीपासूनच तशी आहे.

गाळ मागे झाडाखालच्या खड्ड्यात जातो. ओळीतली सगळी धुलाईची दुकानं तेच करतात. यंत्र विकणारा म्हणाला होता, उन्हाने उडून जातं. झाड मात्र वाळलं. पलीकडे बेकरीवाल्याची विहीर आहे, त्याचा पाव मात्र अजून मऊ असतो.

आणखी एक. ह्यांना बोलू नकोस. गेले काही महिने लघवीतून मधूनच रक्त जातं. दुखत काही नाही. डॉक्टरांनी जंतू म्हणून गोळ्या दिल्या, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं उष्णता असेल. तू उगाच घोर लावून घेशील, म्हणून शेवटी लिहिलं.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी वहिनी

---

ता. २४ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. हे पत्र वाचून झालं की दुकान इस्त्रीवालीवर सोड आणि मोठ्या रुग्णालयात जा. न दुखता जाणारं रक्त उष्णतेचं नसतं. तिथे सांग, की मूत्राशय आतून बघा, आणि तू काय काम करतेस तेही सांग. दादाला मी कळवलंय. तू रागावशील, रागाव.

आणि खड्ड्यात एक थेंबही टाकू नकोस. तो द्राव उडून जातो तो वरवरचा. बाकीचा पाण्यापेक्षा जड असतो, मातीतून खाली खाली जातो आणि पाण्याच्या तळाशी जाऊन बसतो. बेकरीवाल्याला विहिरीचं पाणी प्यायचं थांबवायला सांग. पाणी तपासायला माणूस पाठवते आहे.

तपासणीचं कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही, एवढं लक्षात ठेव.
ठकी

---

ता. २ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

फोनवर तू रडलीस आणि मलाही बोलता येईना, म्हणून लिहितो आहे. मूत्राशयातली गाठ भिंतीच्या पार गेली आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू आहेत. ही मात्र खाटेवर बसून परिचारिकेच्या गणवेशावरचा डाग कशाने निघेल ते तिला समजावून सांगते.

विहिरीच्या पाण्यात द्राव सापडला. माणसं येऊन विहिरीवर पत्रा ठोकून गेली. बेकरीवाल्याने आमच्याशी बोलणं सोडलंय. सकाळी समोरासमोर आलो की तो शटरकडे बघतो.

मला एकच विचारायचंय. तिला त्यानेच झालं का? मी मुलांना संभाव्यता शिकवतो, तेव्हा ती मला शिकवू नकोस. मी तुझा भाऊ म्हणून विचारतो आहे, हो किंवा नाही सांग. यंत्र घ्यायला ती नको म्हणत होती. आधीच्या कौलारू खोलीत हाताने कपडे धुणं तिला बरं वाटायचं. मी हट्ट केला, की आता तरी तिचे हात पाण्यात नकोत.

उत्तर तिच्या हाती पडू देऊ नकोस, शाळेच्या पत्त्यावर टाक.
तुझा,
दादा

---

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन वेळा लिहून फाडलं. हो लिहिलं तर ते खोटं, नाही लिहिलं तर तेही खोटं.

हजार माणसं वर्षानुवर्षं हा द्राव हुंगत राहिली, तर त्यांच्यातल्या एरवीपेक्षा जास्त जणांना हा आजार होईल, एवढं मला सांगता येतं. पण त्या हजारांतल्या एकीकडे बोट दाखवून, हिला द्रावाने झाला आणि तिला असाच झाला, हे सांगता येत नाही. गाठीवर नाव लिहिलेलं नसतं. माझं सगळं शिक्षण इथे येऊन थांबतं, दादा.

पण यंत्र तू तिचे हात जपायला घेतलंस. तो द्राव निरुपद्रवी आहे असं तुला विकणाऱ्याने सांगितलं, आणि त्याला खरं-खोटं विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं. ते विचारायचं काम आमचं होतं. तू स्वतःला खाऊ नकोस.

घरचंच माणूस यात असल्यामुळे मी समितीतून बाहेर पडले. मत देणार नाही. सुनावणी सगळ्यांना खुली आहे. वहिनी म्हणते, मला तिथे बोलायचंय. तिला अडवू नकोस.

तुझ्या धाकटीवर राग धरू नकोस.
ठकी

---

ता. ५ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरून आल्यापासून अंथरूणच धरलंय. अक्षर वाकडं आलं तर हसायचं नाही.

सुनावणीला तू मागच्या खुर्चीत बसली होतीस, म्हणून माझी मान वर राहिली. दुकानदार संघाचे गृहस्थ म्हणाले, की बाई आपल्याच लोकांच्या ताटात माती कालवते आहे. मग अध्यक्षांनी विचारलं, की तुमचा आजार यानेच झाला असं तुमचं म्हणणं आहे का. मी म्हटलं, साहेब, ते मला माहीत नाही, माझ्या नणंदेलाही माहीत नाही आणि ती खोटं बोलत नाही. पण खड्डा मी स्वतःच्या हाताने भरला, आणि त्या विहिरीचं पाणी पोरंबाळं प्यायली, हे मला पक्कं माहीत आहे. बाकीचं तुम्ही सावकाश ठरवा, खड्डे मात्र आज बंद करा. मग खाली बसले.

परवा मात्र उठून ह्यांचा हात धरून बेकरीत गेले. बेकरीवाल्याला सांगितलं, की ओळीतल्या सगळ्यांनी टाकलं, पण तुमच्या भिंतीला लागून होता तो खड्डा माझा. तो पाव मोजत राहिला. त्याची बायको आतून आली. तिला दिवस गेलेत. तिने विचारलं, मी पाणी प्यायले, माझ्या बाळाला काही होईल का? ठके, ह्यांनी तुला काय विचारलं होतं ते मला ठाऊक आहे. शाळेचा पत्ता दिला म्हणून बायकोला कळत नाही थोडंच. तेव्हा मला कळलं, उत्तर देताना तुला कसं झालं असेल. मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले. तिने तो सोडवून घेतला नाही.

तिला चांगला डॉक्टर बघून दे. एवढं कर माझ्यासाठी.
तुझी वहिनी

---

ता. २२ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हिचं तेरावं आटोपून तू परत गेल्यावर घर खायला उठलं. लोक येतात, बसतात, जातात. बेकरीवाला त्या दिवशी आला होता, ते तू पाहिलंस. त्यानंतर तो रोज संध्याकाळी येतो. ओट्यावर बसतो, मीही बसतो. काल पहिल्यांदा बोलला. म्हणाला, मास्तर, मी तिच्याशी बोललो असतो, पण मला वाटलं वेळ आहे. मग रडायला लागला. त्याला धरून बसायची पाळी माझ्यावर आली.

इस्त्रीवाली दुकान आता पाण्याच्या धुलाईवर चालवणार म्हणते. मी किल्ल्या दिल्या. हिचे गॉगल, एप्रन अजून खिळ्यावर आहेत. ते काढायला तू ये.
तुझा,
दादा

---

ता. ३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. द्राव धोकादायक ठरला. नवी यंत्रं बंद, जुन्यांना काही वर्षांची मुदत. गाळ मातीत टाकणं मात्र आजपासून गुन्हा. अध्यक्षांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की मुदतीवरून खूप भांडणं झाली, पण खड्ड्याच्या कलमाविरुद्ध कुणी तोंड उघडलं नाही.

मी तिथेच जिन्यात बसून रडले. जुन्या यंत्रांसमोर अजून कितीतरी वर्षं बायका उभ्या राहणार आहेत, आणि मला त्यांतल्या एकीचंही तोंड डोळ्यांपुढे आणता येईना. सगळ्या वहिनीसारख्याच दिसत होत्या.

बेकरीवाल्याच्या बायकोला मी इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिला घ्यायला म्हणून शनिवारी येते, आणि तुझ्यापाशी राहते. एप्रन मी एकटी काढणार नाही, तूही हात लाव.

वहिनीच्या वाट्याची मायाही आता तुझ्याच पदरात टाकते आहे. ती नको म्हणू नकोस.
तुझी,
ठकी