पाठकोरे कागद

सातारा, ता. ९ ऑगस्ट १९४३

ती. सौ. चारुताईस,
हरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा तात्यांना सांगलीच्या मोटारीत बसवून दिले. ते का आले हे ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहितो.

लढाईमुळे कागदाची टंचाई. आमच्या कचेरीने रद्दी गोळा करायला काढली आणि माझ्या अंगात आले. तात्यांच्या खाटेखालचे चिठ्ठ्यांचे दोन्ही डबे नेऊन रिकामे केले. लग्नपत्रिकांच्या, पाकिटांच्या पाठीवर लिहिलेले इंग्रजी शब्द आणि त्यांतले बारीक फरक, शाळेत शिकवताना बावीस वर्षे जमवलेले. मला तो कचराच वाटे, खोटे कशाला बोलू?

तात्या देवळातून आले, खाटेखाली वाकले आणि डबे तरी परत आणलेस ना, एवढेच म्हणाले. मी गोदामाकडे धावलो, पण गठ्ठे आगगाडीने गेले होते. वर सर्वांत जास्त रद्दी आणल्याबद्दल साहेबांनी प्रशस्तिपत्र दिले. ताई, मला फार लाज वाटते. त्यांना सांभाळ.

तुझा
हरी

सांगली, ता. १७ ऑगस्ट

चि. हरीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून संतापले. मॅट्रिकला याच चिठ्ठ्या घोकून तू पास झालास. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, तू तर शब्दच रद्दीत घातलेस.

तात्यांनी पुन्हा आरंभ केला आहे. डोळे अधू झालेत, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. सुरुवात नकोशा वस्तूंपासून. रबिश म्हणजे मुळातच टाकाऊ. जंक म्हणजे जुने, उगाच ठेवलेले. स्क्रॅप मोडके खरे, पण वितळवले की पुन्हा कामाचे. वेस्ट म्हणजे कामाचे असून वाया घालवलेले. याला उदाहरण काय, असे त्यांनी विचारले. मी रागाने म्हटले, तुमचे डबे. ते नको म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, लिही, पोटच्या पोरावर धरलेला राग. मला पुढे लिहवेना.

पाठकोरे कागद असतील तर पाठव. आणि पत्र त्यांनाच लिही, माझ्या पदराआड लपू नकोस.

तुझी
ताई

सातारा, ता. २२ ऑगस्ट

तीर्थरूप तात्यांचे चरणी बालक हरीचा साष्टांग नमस्कार.

मी चुकलो. दोन ओळी लिहायला चार दिवस लागले. सोबत अठ्ठावीस पाठकोरे कागद आहेत. काही शेजारच्या चंद्राबाईंकडे मागितले. त्यांनी कशाला म्हणून विचारले, तेव्हा सगळे सांगावे लागले. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आपला
हरी

ता. क. सर्वांत वरचा जाड कागद म्हणजे साहेबांनी दिलेले प्रशस्तिपत्र. मागची बाजू पूर्ण कोरी आहे.